अंतेल्म वेर्ने यांचे चांदीचे कडे

मी ओडिल पेराशों, वय ६३ वर्षे, धंदा शिवणकाम व कपडे दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, क्र्वा-रूसचा चढ, ल्यों शहर. चौकीवर बोलावणे आल्यावरून आज स्वतः हजर राहून माझा जबाब सांगते तो असा की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. दुकानासमोर रस्ता ओलांडला की श्रीमती पियेरेत गोनों यांची खानावळ आहे. पाटीवर नुसते ‘शे पियेरेत’, म्हणजे पियेरेतकडे, असे लिहिले आहे, तेही अर्धे पुसलेले. श्रीमती गोनों यांना चढावरचे सगळे लोक आई म्हणतात, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले लोकसुद्धा. यापुढे मीही आईच म्हणेन, कारण ‘श्रीमती गोनों’ म्हटले की मला ती कर वसूल करणारी कोणी परकी बाई वाटते. लिहून घेणारे अधिकारी श्री. कॉलोंब यांनी त्याला हरकत घेतली नाही.

तक्रारदाराने या जागेचे वर्णन ‘कळकट व दाटीवाटीचे उपाहारगृह’ असे केल्याचे मला वाचून दाखवण्यात आले. दाटी आहे हे खरे. पण कळकट म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही. मी तिथे तीस वर्षे दुपारचे जेवत आले आहे आणि टेबलावरची लाल चौकड्यांची कापडे माझ्याच हातची आहेत.

तिथे छापील कार्ड नाही. आई टेबलाशी येते, कमरेवर हात ठेवते आणि आज काय आहे ते सांगते. काय नाही ते विचारायचे नसते. कोणी फार वेळ विचार करत बसला तर तीच त्याच्यासाठी ठरवते, आणि तिचे चुकल्याचे मला आठवत नाही. ओळख असो-नसो, माणसे एका बाकावर कोपराला कोपर लावून बसतात. मसुरीची, बिटाची, हेरिंग माशाची कोशिंबीर मोठ्या वाडग्यांतून येते. आपल्यापुरते वाढून घ्यायचे आणि वाडगे पुढच्या टेबलाला सरकवायचे. काटा-सुरी सुरुवातीपासून चीझपर्यंत एकच. पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेली वजडी मी या शहरात इतर ठिकाणीही खाऊन पाहिली आहे, ती खाताना मला आईच्या वजडीची आठवण येते, उलट कधी होत नाही. याचा तक्रारीशी काय संबंध, असे मला विचारण्यात आले. जागा कशी आहे ते कळल्याशिवाय तिथे काय घडले ते कळणार नाही, असे मी सांगितले.

दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला एक लाकडी कपाट आहे. त्याला पोस्टात असतात तसे लहान लहान, ओढून उघडायचे कप्पे आहेत. रोज जेवणाऱ्याला त्यात एक कप्पा मिळतो. तो मागून मिळत नाही. कधीतरी आई ताट उचलताना म्हणते, “तुमचं कडं घेऊन या,” म्हणजे समजायचे. मग माणूस घरून स्वतःचे कडे आणतो. त्यात आपला नॅपकिन गुंडाळून घालायचा आणि जेवण झाले की कप्प्यात ठेवायचा. शनिवारी नॅपकिन धुण्याच्या टोपलीत जातात, कडी कप्प्यांत राहतात. सोमवारी सकाळी आई इस्त्री केलेला नॅपकिन कड्यात घालून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवते. ती सोडून दुसऱ्याचा कप्पा कोणी उघडत नाही. कुलपे नाहीत, कारण कधी लागली नाहीत.

रोजचे गिऱ्हाईक वारले की त्याचे कडे कप्प्यातच राहते. घरचे कोणीतरी येते, त्या माणसाच्या खुर्चीवर बसून जेवते आणि मग आई स्वतः कप्पा उघडून कडे त्याच्या हातात देते. आधी जेवण, मग कडे. हे कुठे लिहिलेले नाही. मिठाईवाली वारली तेव्हा तिची भाची ढसाढसा रडत क्नेल, म्हणजे माशाचे उकडलेले मुटके, खाताना मी पाहिली आहे. तिने ताट पावाने पुसून घेतले तेव्हा आई म्हणाली, “आता ने.”

मयत अंतेल्म वेर्ने, वय ७१, हे पियानो जुळवून देण्याचे काम करत. त्यांचे कडे चांदीचे होते. त्यावर अ. वे. अशी अक्षरे कोरलेली होती आणि ते त्यांच्या बाप्तिस्म्याला त्यांच्या आजीने दिलेले होते. माझे कडे अक्रोडाच्या लाकडाचे आहे, जत्रेत घेतलेले. आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर समोरासमोर बसत असू. मयताशी माझे नाते काय, असे विचारण्यात आले. एका टेबलावर जेवण्याचे, असे मी सांगितले. आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. मला मसूर आवडत नाही, तेव्हा माझा मसूर ते घेत. त्यांना गुलाबी बदामाच्या तार्तची, म्हणजे गोड पायची, टणक कड चाववत नसे, ती मी घेत असे. याशिवाय आमच्यात देवघेव नव्हती. ते विधुर होते. मी लग्न केलेले नाही. याचाही तक्रारीशी संबंध नाही, पण हे मला विचारण्यात आले म्हणून सांगितले.

श्री. वेर्ने मार्च महिन्यात एका रविवारी झोपेत वारले. सोमवारी सकाळी फ्ल्यूरी शोमेल या आमच्या चढावरच्या खाटकाने मला ते दुकानात येऊन सांगितले. त्या दिवशी मी जेवायला गेले नाही. नंतरही गेले नाही. दुकानात काम साचले होते. कोणते काम, असे विचारले असता आठवत नाही असे मी सांगितले.

तेव्हापासून आई रोज दुपारी स्वतः रस्ता ओलांडून झाकलेले वाडगे घेऊन माझ्या दुकानात येऊ लागली. ऐन गर्दीच्या वेळी, ॲप्रनसकट. रोज एकच बोलणे होई.

“कप्प्यात नॅपकिन वाट बघतोय तुझी.”

“बघू दे.”

“ओडिल, तू गाढव आहेस.”

“वाडगं ठेव आणि जा. तुझं कालवण बुडाला लागेल.”

मग गेल्या मंगळवारी वाडगे आले नाही. मी बराच वेळ वाट पाहिली. भूक लागली आणि रागही आला. तीन आठवडे आणून घालायचे आणि एक दिवस न सांगता बंद करायचे, ही कुठली रीत? म्हणून जाब विचारायला मी समोर गेले. आई दारातच उभी होती. ती फक्त बाजूला झाली. ती माझी वाट पाहत होती हे मला तेव्हा कळले. तोवर मी खुर्चीवर बसलेली होते. समोरची खुर्ची तशीच होती.

मी नॅपकिन घ्यायला उठले नाही. कपाटाकडे पाठ करून बसले. एवढ्यात तक्रारदार लिओनेल वेर्ने, मयताचा मुलगा, राहणार पॅरिस, आत आला. त्याला मी अंत्यविधीच्या वेळी लांबून पाहिले होते. तो गल्ल्यापाशी गेला. तेव्हाचे बोलणे मला जवळजवळ शब्दशः आठवते.

“माझ्या वडिलांचं चांदीचं कडं इथं आहे असं समजलं. ते न्यायला आलोय.”

आई म्हणाली, “या, बसा. वजडी आहे आज.”

“मला जेवायचं नाहीये. मला गाडी गाठायचीय.”

“गाड्या रोज असतात, बाळा. त्यांची खुर्ची ती, खिडकीजवळची. ओडिलच्या समोर.”

“मी तुमचा बाळ नाही, मादाम. तुम्ही कडं देताय की नाही?”

“देणं-घेणं जेवणानंतर.”

“म्हणजे माझीच वस्तू परत हवी असेल तर आधी तुमच्याकडे जेवण विकत घ्यायचं? छान धंदा आहे!”

यावर फ्ल्यूरी शोमेल बाकावरून ओरडला, “पॅरिसला हवेवर जगतात वाटतं! अहो, बसा की. बापाच्या खुर्चीला काटे आहेत का?” हे तो वाईट हेतूने बोलला नाही. त्याचा आवाजच तसा आहे.

तक्रारदार रागाने लाल झाला आणि तडक कपाटाकडे गेला. वडिलांच्या नावाची चिठ्ठी असलेला कप्पा त्याने स्वतःच्या हाताने ओढला. मी तिथे भांडणे पाहिली आहेत, एकदा ताट फेकलेले पाहिले आहे, पण दुसऱ्याचा कप्पा ओढलेला पाहिला नव्हता. त्याने आतून इस्त्री केलेला नॅपकिन काढला. मी मान वळवून पाहिले तर नॅपकिन एका लाकडाच्या कड्यात होता, लांबून कोणाच्या ते दिसत नव्हते. चांदीचे कडे नव्हते.

“हे काय आहे?” तो म्हणाला. “चांदी गेली कुठं? माणूस मेला, मातीही सुकली नाही, आणि चांदीच्या जागी लाकूड?”

त्याने कप्प्यात पुन्हा हात घालून चाचपले.

“चोर आहात तुम्ही! ऐकलंत का सगळ्यांनी? ही बाई चोर आहे!”

आईचे वय ७४ आहे. तिच्या सासूने ही खानावळ तिच्या हवाली केली आणि तेव्हापासून या चढावर तिच्याबद्दल कोणी वावगा शब्द काढलेला नाही. मी तिच्याकडे पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने तोंड उघडले नाही. ती बोलत का नाही हे मला कळेना आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही शंका आली. ती मी इथे लपवत नाही. श्री. कॉलोंब यांनी ती लिहून घेतली.

तक्रारदाराने फोन केला आणि आपल्या चौकीतले दोन शिपाई आले. आईने त्यांना टोप्या काढायला सांगितले, कारण लोक जेवत होते. त्यांनी काढल्या. कडे कुठे आहे, असे त्यांनी विचारले.

आई म्हणाली, “याच खोलीत आहे. चोरीला गेलेलं नाही.”

“मग दाखवा.”

“ते माझ्या हातानं दाखवायचं नाही.”

“मादाम, असं बोललात तर तुम्हाला चौकीवर यावं लागेल.”

“येते. गॅस बंद करू द्या.” तिने ॲप्रन सोडला. मग माझ्याकडे वळून अगदी रोजच्यासारखी म्हणाली, “ओडिल, तुझी वजडी निवतेय. नॅपकिन घे.”

शिपाई तिला न्यायला उभे होते आणि ही बाई मला नॅपकिन घे म्हणत होती. मला तिचा भयंकर राग आला. पण तीस वर्षांत तिने सांगितलेले मी टाळलेले नाही, म्हणून उठले आणि माझा कप्पा उघडला. माझा नॅपकिन चांदीच्या कड्यात होता.

त्यानंतर किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. कोणीतरी मला खुर्ची दिली. कडे माझ्या हातात होते. फ्ल्यूरी शोमेल एकदम ओरडला, “अरे देवा! म्हणजे म्हातारा चुकला नव्हता!”

शिपायांनी त्याला विचारले तेव्हा त्याने जे सांगितले ते मी माझ्या कानांनी ऐकले. त्याचा वेगळा जबाब झाला आहे असे समजते. तो म्हणाला की शेवटच्या शनिवारी मी निघून गेल्यावर मयत कपाटापाशी उभे होते आणि त्यांचा हात माझ्या कप्प्यात होता. “मी म्हटलं, मस्यू वेर्ने, कप्पा चुकला तुमचा. तर म्हणतात कसे, तीस वर्षं चुकत होता, फ्ल्यूरी, आज बरोबर सापडला. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी घरी जाऊन बायकोला हसत हसत सांगितलं!”

मग आई बोलली. श्री. वेर्ने यांनी कडी बदलल्यावर तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठून एवढेच सांगितले होते : “सोमवारी ती कप्पा उघडेल तेव्हा तिचा चेहरा तुम्ही बघा आणि मला सांगा. मी ताटात बघत असेन.” रविवारी ते वारले. सोमवारी मी गेले नाही.

“मग मला सांगितलं का नाहीस?” मी विचारले. “रोज वाडगं घेऊन येत होतीस! रोज!”

“सांगायचं त्यानं ठरवलं होतं, कसं सांगायचं तेही त्यानंच ठरवलं होतं. मी मध्ये कोण? मी स्वयंपाक करते.”

“आणि आत्ता? चोर म्हणाला तो तुला!”

“म्हणू दे. कप्पा तुझा होता. तुझ्या आधी या सगळ्यांना कळलं असतं, ते मला चाललं नसतं.”

मी या बाईला एवढी वर्षे ओळखते असे समजत होते. ती उत्तम जेवण करते हे साऱ्या चढाला माहीत आहे. पण तिच्याकडे ठेवायला दिलेली गोष्ट ती अशी ठेवते, इज्जत पणाला लावून ठेवते, हे मला त्या दिवशी कळले. तिच्यासारखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. हे वाक्य जबाबात असावे अशी माझी विनंती आहे.

तक्रारदार लाकडाचे कडे हातात धरून उभा होता. तो म्हणाला, “माझे वडील असलं काही करणारे नव्हते.” मग तो स्वतःशीच म्हणाला, “मला कधी काही सांगितलं नाही त्यांनी.”

आई म्हणाली, “तो कोणालाच सांगत नसे. बसा आता.”

तो माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला. शिपायांनाही बसायला सांगण्यात आले. आपण कामावर आहोत असे ते म्हणाले. त्यावर आई म्हणाली, “मग वाइनऐवजी पाणी प्या, वजडी कामावर चालते.” ते बसले की नाही हे सांगण्याची गरज नाही असे श्री. कॉलोंब यांचे म्हणणे पडले.

मसुरीचे वाडगे आले. तक्रारदाराने स्वतःला वाढून घेतले, माझे ताट रिकामे पाहिले आणि विचारले, “तुम्हाला नको?” मी नको म्हटले. तेव्हा त्याने माझ्या वाट्याचाही मसूर घेतला. त्याला कोणी सांगितले नव्हते. पहिले ताट उचलले जाताना त्याने काटा-सुरी ताटात ठेवली, ती आईने काढून परत त्याच्या हातात दिली. वजडी खाताना तो बोलू लागला. त्याला उशिरा मुलगा झाला आहे. पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा आहे, म्हणून त्याला ते कडे हवे होते. बाळाचे नाव अंतेल्म ठेवणार आहेत.

“गरीब पोर,” फ्ल्यूरी म्हणाला. “एवढ्या जुनाट नावानं शाळेत मार खाणार.”

तक्रारदार हसला. हसताना तो बापासारखा दिसतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. तार्त आली तेव्हा त्याने कड बाजूला ठेवली. मी ती घेतली नाही. मग घेतली.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. तक्रार मागे घेतो असे म्हणाला. पण शिपायांनी सांगितले की ती नोंदवली गेली आहे, आता सर्वांचे जबाब होतील. कड्याबद्दल तो काहीच बोलला नाही. हातही पुढे केला नाही. आईला मात्र म्हणाला, “माफ करा, आई.” तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि गाडी चुकेल म्हणून त्याला हाकलले.

सदर कडे सध्या कुठे आहे, असे मला विचारण्यात आले. ते माझ्या कप्प्यात आहे. माझे लाकडाचे कडे श्री. वेर्ने यांच्या कप्प्यात आहे. तो कप्पा दुसऱ्या कोणाला देऊ नये असे मी आईला सांगितले. ती म्हणाली की तिला ते सांगावे लागत नाही. मी पुन्हा रोज तिथे जेवते.

कडे पुरावा म्हणून चौकीत जमा करण्यास तयार आहे का, असे विचारले असता, नाही असे मी सांगितले. मयताच्या वारसाला देण्यास तयार आहे का, असे विचारले. त्यालाही नाही असे सांगितले. मला त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट दिली आणि ती माझ्या हातात पडायला उशीर झाला. ती मी माझ्या हयातीत सोडणार नाही. याला हावरेपणा म्हणायचे असेल तर तसे लिहावे.

मात्र मला मागेपुढे कोणी नाही. माझ्यामागे माझा कप्पा उघडायला कोणी येणार नव्हते, म्हणून आता सांगून ठेवते. मी गेल्यावर ते बाळ, मोठे झालेले असेल तेव्हा, पॅरिसहून यावे. खिडकीजवळच्या टेबलावर, माझ्या खुर्चीवर बसावे. आई असेल तर ती सांगेल, नसेल तर जी कोणी तिच्या जागी असेल तिने सांगावे, पण त्याने आधी पोटभर जेवावे, ताट पावाने पुसावे आणि मग कडे घेऊन जावे. श्री. कॉलोंब म्हणाले की याचा चोरीच्या तक्रारीशी संबंध नाही आणि अशा गोष्टी वकिलाकडे लिहायच्या असतात. मी म्हटले, साहेब, लिहा. त्यांनी लिहिले.

हा जबाब श्री. कॉलोंब यांनी मला सावकाश मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसेच सगळे उतरले आहे. त्यात खोटे काही नाही. जे त्यात नाही, ते मी सांगितलेले नाही.

सही
ओडिल पेराशों